आड, पोहरा आणि दोर

घरांतील एखादी मुलगी किंवा सून चांगल्या गुणांनीं एम्. एस्सी. झाली आणि तिनें "मला शाळेंत शिकवावयाचें आहे, म्हणून मी बी. एड्. करितें" असें म्हटलें, कीं दिवाणखान्यांत एक ठराविक संवाद सुरू होतो. वडील मंडळी म्हणतात, "पदार्थविज्ञानांत एवढें उच्च शिक्षण झाल्यावर दहावीच्या पोरांस शिकविण्यासाठीं आणखी काय शिकावयाचें राहिलें?" धाकटे दीर म्हणतात, "नोकरीसाठीं तो कागद लागतो, एवढेंच. कोठें तरी नांव घालून ठेवावें आणि परीक्षेपुरतें जावें." आणि कोपऱ्यांतून आजोबा पुस्ती जोडतात, "आमच्या वेळचे गणिताचे मास्तर कसल्या ट्रेनिंगला गेले होते?" तिन्ही वाक्यें सद्धेतूनेंच बोललेलीं असतात, पण तिन्हींच्या मुळाशीं समजूत एकच आहे. ज्यास विषय येतो त्यास तो शिकवितां येतोच, आणि प्रशिक्षण ही फार तर एक उपचाराची बाब आहे, अशी ती समजूत. तिची थोडी तपासणी आज करावयाची आहे. कारण तिच्यामुळें केवळ एका सुनेचीं दोन वर्षें नव्हेत, तर तिच्या हाताखालून पुढें जाणाऱ्या शेंकडों मुलांचें गणित व विज्ञान पणास लागतें.

प्रस्तुत लेखक स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलेला नाहीं, व त्याचा विषय संस्कृत. परंतु शिक्षकांच्या खोलींत गणित-विज्ञानाच्या शिक्षकांशेजारीं वर्षानुवर्षें बसल्यानें कांहीं गोष्टी डोळ्यांनीं पाहावयास मिळाल्या, व निवृत्तीनंतर त्या विषयावरील बरेंच वाचनही झालें. त्या दोहोंच्या आधारें हें लिहीत आहे.

आपल्या भाषेंत म्हण आहे: आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? ती खरीच आहे. ज्यास स्वतःस गणित येत नाहीं तो तें दुसऱ्यास काय देणार? परंतु ह्या म्हणीवरून आपण नकळत उलट अनुमानही काढून बसतों, कीं आडांत पाणी असलें म्हणजे तें पोहऱ्यांत आपोआप येतें. ज्यानें कधीं पाणी शेंदलें आहे त्यास ठाऊक आहे, कीं आड तुडुंब भरलेला असून व पोहरा नवा कोरा असूनही दोर आंखूड असला तर घागर रितीच राहते.

व्याकरणाच्या वाटेनें पाहिलें तरी हेंच दिसतें. 'अधि' ह्या उपसर्गासह 'इ' धातूपासून अध्ययन हा शब्द झाला, आणि त्याच धातूच्या प्रयोजक रूपापासून अध्यापन. अध्ययनाच्या क्रियापदास कर्म एकच, तें म्हणजे शिकावयाचा विषय. परंतु तेंच क्रियापद प्रयोजक झालें, कीं पूर्वीं जो शिकणारा कर्ता होता तोही कर्म होऊन बसतो, आणि 'अध्यापयति' ह्यास विषय व शिष्य अशीं दोन कर्में लागतात. पाणिनीनें त्यासाठीं नियमच घालून दिला आहे. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं कर्में दोन असलीं तरी क्रिया एकच आहे. विषयाचें ज्ञान एका विद्यालयांत मिळविलें, मुलांविषयींचें ज्ञान दुसऱ्या विद्यालयांत मिळविलें, आणि दोहोंची गांठ कोठेंच पडली नाहीं, तर क्रिया घडली असें म्हणतां येत नाहीं. कालिदासानेंही 'मालविकाग्निमित्र' नाटकाच्या पहिल्या अंकांत दोन नाट्याचार्यांचा कलह आणून हाच प्रश्न उभा केला आहे. कोणाची विद्या स्वतःच्या ठायीं उत्तम असते, कोणाची ती दुसऱ्यास देण्याची हातोटी विशेष असते. दोन्ही ज्याच्यापाशीं आहेत तो शिक्षकांत अग्रणी, असा निर्वाळा तेथें पंडिता कौशिकी देते. आणि आचार्यांची परीक्षा त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून घ्यावी असें ठरतें.

आतां एक उदाहरण घेऊं. सातवीच्या सुमारास मूल 'वजा गुणिले वजा अधिक' हा नियम शिकतें व दहावीपर्यंत त्यांत चुकत राहतें. कां बरें? आपल्या मराठीमध्यें ह्या संख्यांस 'ऋण' म्हणतात, आणि ऋण म्हणजे कर्ज हें मुलास घरींच समजलेलें असतें. तीन रुपयांचें कर्ज आणि दोन रुपयांचें कर्ज मिळून पांच रुपयांचें कर्ज, येथपर्यंत सारें सुरळीत चालतें. मग एके दिवशीं फळ्यावर कर्जाला कर्जानें गुणून संपत्ति निघते! विचारी मूल येथें थबकतें. निर्विचार मूल नियम पाठ करून पुढें जातें. फ्रेंच कादंबरीकार स्टांडाल ह्यानें आपल्या आत्मचरित्रांत हीच तक्रार केली आहे, कीं कर्जांच्या गुणाकारांतून धन कसें होतें हें त्याच्या शिक्षकांपैकीं कोणीही त्यास समजावून सांगूं शकलें नाहीं. आपल्याकडे ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मधील 'ब्राह्मस्फुटसिद्धांतां'त धन व ऋण संख्यांच्या गुणाकाराचे नियम दिले आहेत, आणि दोन ऋणांचा गुणाकार धन होतो हें त्यांतच आहे. म्हणजे नियम चौदाशें वर्षांचा जुना. अडचण मात्र प्रत्येक वर्गांत दरसाल नवी.

ह्या अडलेल्या मुलापुढें तीन प्रकारचे शिक्षक उभे करून पाहावे. पहिला नुसता पदवीधर. त्यानें महाविद्यालयांत अमूर्त बीजगणित शिकलेलें असतें. हा नियम वितरण गुणधर्मांतून दोन ओळींत सिद्ध होतो हें त्यास माहीत असतें. पण सातवीच्या मुलासमोर तें कसें मांडावें हें न सुचल्यानें तो म्हणतो, "नियमच आहे तसा, पाठ कर." दुसरा नुसता प्रशिक्षित. त्याचें पाठ-टांचण सुबक असतें. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, गृहपाठ, सारें यथासांग. रंगीत तक्तेही असतात. पण नियमाच्या पोटांत काय आहे हें त्याचें त्यासच स्पष्ट नसल्यानें तो शत्रूचा शत्रु तो मित्र अशी कांहीं तरी उपमा देतो. मूल हंसतें, आणि नियम जेथल्या तेथें राहतो. तिसरा फळ्यावर एवढेंच लिहितो: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. मग विचारतो, "डावीकडील संख्या एकेकानें कमी होत आहे, उत्तरें कितीनें वाढत आहेत?" "दोनदोननें." "मग ० च्या खालीं −१ लिहिल्यावर उत्तर काय यावें?" मूल स्वतःच म्हणतें, "दोन." हा तिसरा शिक्षक जाणून असतो कीं, ही उतरंड म्हणजे त्या वितरण गुणधर्माचेंच बालरूप आहे; तसेंच कर्जाची उपमा बेरजेपुरती चालते व गुणाकारांत मोडते, म्हणून ती कोठें सोडावयाची तेंही त्यास ठाऊक असतें. पहिल्यापाशीं आड होता, दुसऱ्यापाशीं पोहरा. दोर फक्त ह्या तिसऱ्यापाशीं.

हा दोर वळावयाचा कोणीं, हा प्रश्न प्रथम मोठ्या आवाजांत विचारणारा पुरुष थोर गणितज्ञ होता, हें विशेष. जर्मनींतील ग्यॉटिंगेन विद्यापीठाचे प्राध्यापक फेलिक्स क्लाइन (१८४९–१९२५) ह्यांनीं शाळांतून शिकवूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं मुद्दाम व्याख्यानें दिलीं. प्राथमिक गणिताकडे उच्च भूमिकेवरून कसें पाहावें हा त्यांचा विषय, व १९०८ पासून तीं ग्रंथरूपानें निघालीं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: तरुण विद्यार्थी विद्यापीठांत येतो तेव्हां त्यास जे प्रश्न दिसतात त्यांचा शाळेंत शिकलेल्या गणिताशीं कांहीं संबंध त्यास आढळत नाहीं, म्हणून तो शाळेचें गणित विसरतो. पुढें शिक्षक होऊन तो शाळेंत परततो, तेव्हां विद्यापीठांतील गणिताचा तेथें कांहीं संबंध दिसत नाहीं, म्हणून तें विसरतो आणि स्वतःच्या मास्तरांनीं शिकविलें तसेंच शिकवूं लागतो. ह्या प्रकारास क्लाइन ह्यांनीं दुहेरी तुटलेपणा म्हटलें. एकाच मनुष्याच्या आयुष्यांत पूल दोनदां तुटतो, आणि उच्च शिक्षण ही त्याच्यापाशीं केवळ एक गोड आठवण उरते. त्याच १९०८ सालीं रोम येथें गणितशिक्षणासाठीं आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झालें, व त्याचे पहिले अध्यक्ष क्लाइन हेच झाले.

विज्ञानाची गोष्टही निराळी नाहीं. चेंडू सरळ वर फेंकला. हातांतून सुटल्यावर तो वर जात असतांना त्याच्यावर कोणतीं बलें लागू असतात? हवेचा रोध सोडला तर फक्त गुरुत्वाकर्षण, आणि तें खालच्या दिशेस. पण नववींत गतीचे नियम पाठ म्हणून दाखविणारीं बरींचशीं मुलें उत्तर देतात, कीं हाताचें बल चेंडूंत असतें, तें हळूहळू संपतें, आणि अगदीं वर गेल्यावर शून्य होतें. हें केवळ मुलांचेंच नव्हे. अमेरिकेंतील ॲरिझोना राज्याच्या विद्यापीठांत डेव्हिड हेस्टेनेस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा साध्या प्रश्नांची एक परीक्षा तयार केली, ती १९९२ सालीं प्रसिद्ध झाली. महाविद्यालयीन विद्यार्थी समीकरणें बिनचूक सोडवितात, पण गति असेल तेथें बल असलेंच पाहिजे ही मूळची समजूत नेहमींच्या व्याख्यानांनीं फारशी हलत नाहीं, असें तिच्या उत्तरांवरून दिसून आलें. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक एरिक माझूर ह्यांनीं ती परीक्षा आपल्या विद्यार्थ्यांस दिली, आणि निकाल पाहून त्यांनीं आपली शिकविण्याची रीतिच बदलली. विद्यार्थ्यांनीं आधीं स्वतः उत्तर ठरवावें, मग शेजाऱ्याशीं वाद घालावा, अशी व्यवस्था त्यांनीं वर्गांत आणली.

ह्यावरून दोन गोष्टी निघतात. एक, मुलाची चूक ही पुष्कळदां मूर्खपणा नसून एक सुसंगत मत असतें. गति टिकण्यास बल लागतें असेंच न्यूटनपूर्वीं कित्येक शतकें मोठमोठे विद्वान् मानीत होते. दुसरी, हें मत शिक्षकाच्या स्वतःच्या मनांतही पदवीखालीं झांकून राहिलेलें असूं शकतें. तें उकरून काढण्यास जी जागा हवी, ती प्रशिक्षण विद्यालय ही होय. तेथें हें झालें नाहीं तर पुढें कोठें होणार?

अमेरिकेंतील शिक्षणशास्त्रज्ञ ली शुलमन ह्यांनीं १९८६ सालच्या एका निबंधांत ह्या ज्ञानास स्वतंत्र नांव दिलें. मराठींत त्यास 'अध्यापनोपयोगी विषयज्ञान' म्हणतां येईल. त्यांनीं १८७५ सालच्या कॅलिफोर्नियांतील शिक्षकांच्या परीक्षेचे प्रश्न काढून पाहिले, तों त्यांत जवळजवळ सर्व प्रश्न विषयाचे. आणि आपल्या काळच्या परीक्षा पाहिल्या, तों त्यांत पाठयोजना, वर्गाची शिस्त, मूल्यमापन हेंच सारें. मधल्या शंभर वर्षांत विषय गेला कोठें, असा त्यांचा सवाल होता. विषयांतील कोणता भाग मुलांस कां अवघड वाटतो, कोणतें उदाहरण कोठपर्यंत चालतें, कोणती चूक कोणत्या समजुतीमधून येते, हें ज्ञान केवळ गणितज्ञापाशीं नसतें आणि केवळ मानसशास्त्रज्ञापाशींही नसतें. तें शिक्षकाचें स्वतःचें धन आहे. ह्याची प्रत्यक्ष पाहणीही पुढें झाली. बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेंतील संशोधकांनीं जर्मनीमधील माध्यमिक शाळांच्या गणितशिक्षकांची परीक्षा घेतली, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची एका वर्षांतील प्रगति मोजली. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणें, मुलांच्या प्रगतीशीं शिक्षकाच्या नुसत्या विषयज्ञानापेक्षां ह्या अध्यापनोपयोगी ज्ञानाचा संबंध अधिक निकटचा आढळला. तथापि विषयज्ञान कच्चें असेल तेथें हें दुसरें ज्ञानही रुजत नाहीं असेंही दिसलें. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून, ही म्हण तेथेंही खरी ठरली. आणि दोराची गोष्टही.

हें सर्व परदेशचें झालें असें कोणी म्हणेल, म्हणून घरची एक गोष्ट सांगतों. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'त्रेपन्न' ह्याबरोबर 'पन्नास तीन' असेंही वाचन आलें, तेव्हां महाराष्ट्रभर केवढी थट्टा झाली हें वाचकांच्या स्मरणांत असेल. त्या समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर; उच्च गणितांत डॉक्टरेट मिळविलेल्या विदुषी. २०२३ सालीं त्या निवर्तल्या. लिहितांना पांच आधीं आणि बोलतांना तीन आधीं, ह्या उलट चालीमुळें लहान मूल ५३ च्या जागीं ३५ लिहितें, हें त्यांनीं हेरलें होतें. ही चाल आपल्याकडे संस्कृतांतून आली, आणि प्रस्तुत लेखकास ती प्रिय आहे. 'त्रेपन्न' हा शब्द त्यास सोडवणार नाहीं. उपाय पटो वा न पटो, परंतु मोठें गणित जाणणाऱ्या व्यक्तीनें सात वर्षांच्या मुलाचा पाय नेमका कोठें अडखळतो हें वांकून पाहिलें, ह्याचें मोल थट्टा करणाऱ्यांच्या ध्यानांत आलें नाहीं.

आतां आपल्याकडील व्यवस्थेकडे वळूं. आजोबांच्या आक्षेपास प्रथम उत्तर हें, कीं जुने मास्तर अगदींच अप्रशिक्षित नव्हते. मुंबईचें सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ सालचें, पुण्याचें टिळक कॉलेज ऑफ एज्युकेशन १९४१ सालचें. जुन्या माध्यमिक शाळांतील पुष्कळ शिक्षकांच्या नांवापुढें बी. टी. हीं अक्षरें असत. तीच पदवी पुढें बी. एड्. झाली. विषय आणि अध्यापन एकत्र शिकविण्याचा प्रयत्नही नवा नाहीं. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथें १९६३-६४ च्या सुमारास प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयें उभीं राहिलीं, आणि तेथें विज्ञान व अध्यापन चार वर्षें हातांत हात घालून शिकविण्याची योजना झाली. महाराष्ट्राच्या वांट्यास भोपाळचें आलें. पण अशीं विद्यालयें चारच राहिलीं, आणि देशभर चाललें तें पदवीनंतरचें एक वर्षाचें बी. एड्. महाराष्ट्रांतील अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेच्या वादांतून सर्वोच्च न्यायालयानें माजी सरन्यायाधीश न्या. वर्मा ह्यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमला. २०१२ सालच्या त्याच्या अहवालानें ह्या क्षेत्रांतील दुरवस्था चव्हाट्यावर आणली. त्यानंतर २०१५ पासून बी. एड्. दोन वर्षांचें झालें, व त्यांत सुमारें २० आठवडे प्रत्यक्ष शाळेंत घालविण्याचा नियम आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें २०३० पर्यंत चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम हीच शिक्षकाची किमान पात्रता व्हावी असें ठरविलें, आणि उच्च पदवी घेतलेल्यांसाठीं एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचीही वाट दाखविली. निवडक संस्थांत तो चार वर्षांचा अभ्यासक्रम २०२३-२४ पासून सुरू झाला.

वर्षें एक असोत, दोन असोत वा चार. दोर वळला जातो कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें. आपल्या बी. एड्.च्या परिभाषेंत 'आशययुक्त अध्यापन' असा एक सुंदर शब्द रूढ आहे. आशय म्हणजे विषयाचा गाभा. त्यानें युक्त असें अध्यापन. पण पुष्कळ ठिकाणीं तो शब्द प्रश्नपत्रिकेंतच राहतो. सूक्ष्मपाठ व सराव पाठ मोजून संख्या भरली जाते. निरीक्षक मागच्या बांकावर बसून फळ्यावरील अक्षर, आवाज व तक्ता ह्यांवर शेरे लिहितात. मुलानें विचारलेल्या प्रश्नास दिलेलें उत्तर बरोबर होतें कीं नाहीं, हें तपासण्यास विषय जाणणारा माणूस तेथें असतोच असें नाहीं. त्यांतून आणखी एक अडचण अशी, कीं रसायनशास्त्राच्या पदवीधरास शाळेंत जीवशास्त्रही शिकवावें लागतें व वेळप्रसंगीं गणितही. ही तयारी त्यास कोण करून देतें?

खरी तयारी कशी होते ह्याचा नमुना आपल्याच देशांत आहे. मध्यप्रदेशांतील होशंगाबाद (आतां नर्मदापुरम्) जिल्ह्यांत १९७२ सालीं १६ माध्यमिक शाळांत एक विज्ञानशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, पुढें तो जिल्हाभर पसरला, आणि २००२ सालीं राज्य सरकारनें तो बंद करीपर्यंत चालला. तेथें शिक्षकांस उन्हाळ्यांत तीन-तीन आठवडे एकत्र बसवीत, आणि मुलांनीं करावयाचे प्रयोग आधीं शिक्षकांनीं स्वतःच्या हातांनीं करावयाचे असा दंडक होता. मोठ्या संस्थांतले शास्त्रज्ञ त्यांच्या शेजारीं बसून चर्चा करीत, आणि पुढें दर महिन्यास शिक्षकांची बैठक भरून वर्गांत काय अडलें तें बोललें जाई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९७४ सालीं स्थापिलेलें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही आरंभींच जळगांव जिल्ह्यांतील खिरोदा परिसराच्या शाळांत गेलें. पाठ्यपुस्तकाची जड भाषा हीच खेड्यांतील मुलांपुढील एक मोठी भिंत आहे, हा प्रश्न त्या केंद्रानें अभ्यासास घेतला. आमच्यासारख्या संस्कृतप्रेमी माणसांनींही हें मनावर घ्यावें. परावर्तन आणि अपवर्तन हे शब्द आम्हांस कानास गोड लागतात. मुलास मात्र दोहोंतील भेद उपसर्गाच्या अर्थासह सांगितला नाहीं, तर ते नुसते आवाज होत.

म्हणून ज्या घरांत असा प्रश्न उभा आहे त्यांस कांहीं व्यवहाराच्या सूचना कराव्याशा वाटतात. पहिली ही, कीं कागद विकत घेऊं नये. हजेरीवांचून पदवी मिळते असें जेथें कानावर येतें तेथें मुलीस घालणें म्हणजे तिचीच फसवणूक. विद्यालय निवडतांना वडील माणसानें स्वतः जाऊन चार गोष्टी पाहाव्या: गणित व विज्ञान ह्यांची अध्यापनपद्धति शिकविणाऱ्यांनीं स्वतः कधीं शाळेंत तो विषय शिकविला आहे काय, प्रयोगशाळेंतील उपकरणांवर धूळ आहे कीं हाताळल्याच्या खुणा, सरावासाठीं कोणत्या शाळा जोडल्या आहेत, आणि तेथें अनुभवी शिक्षक विद्यार्थिनीच्या पाठास बसतो कीं नुसती सही करतो. इमारतीची फरशी शेवटीं पाहिली तरी चालेल.

दुसरी सूचना कुटुंबास. शाळेंत घालवावयाचे ते आठवडे सून घरचा स्वयंपाक, पाहुणे व सणवार सांभाळून उरलेल्या वेळांत उरकील, अशी अपेक्षा ठेवूं नये. डॉक्टरी शिकणाऱ्या मुलाच्या रुग्णालयांतील पाळीस आपण जो मान देतों, तोच ह्या कामास द्यावा. पैशाचेंही आधींच स्पष्ट बोलून घ्यावें. महाराष्ट्रांत नवीन शिक्षकास प्रथम तीन वर्षें शिक्षणसेवक म्हणून मानधनावर राहावें लागतें. माध्यमिक शाळेसाठीं तें मानधन २०२३ सालीं ८,००० रुपयांवरून १८,००० झालें. हें ठाऊक असून जी मुलगी ह्या मार्गास लागते, ती दुसरें कांहीं जमलें नाहीं म्हणून आलेली नसते. तिच्या निवडीस घरानें पाठबळ द्यावें.

तिसरी सूचना त्या विद्यार्थिनीस. बेटा, एक कोरी वही करावी, आणि तिला चुकांची वही म्हणावें. सराव पाठाच्या दिवसापासून मुलांनीं केलेल्या चुका त्यांच्याच शब्दांत तींत टिपाव्या, आणि प्रत्येकीपुढें कारणाचा विचार करावा. उदाहरणार्थ, मूल १/२ व १/३ ह्यांची बेरीज २/५ करतें. हें अगदीं अडाणीपणाचें आहे काय? पहिल्या डावांत दोन चेंडूंपैकीं एक लागला, दुसऱ्यांत तिहींपैकीं एक. एकंदर पांचांपैकीं दोन, असें तें मोजीत असेल, आणि त्या हिशोबानें तें बरोबरच आहे! फक्त तो हिशोब एकाच भाकरीच्या तुकड्यांच्या बेरजेचा नव्हे. अर्धी भाकरी आणि तिसरा हिस्सा मिळून अर्ध्याहून कमी कशी होईल, एवढें विचारलें कीं मूल स्वतःच थांबतें. अशा शंभर चुका ज्या वहींत जमल्या, आणि ज्यांचीं कारणें आपल्या पदवीच्या पुस्तकांत परत जाऊन शोधलीं, ती वही पुढें कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षां अधिक उपयोगी पडेल.

आणि शेवटीं आम्हां घरच्या वडीलधाऱ्यांसाठीं. संध्याकाळीं नातवंडें गृहपाठ घेऊन बसतात, तेव्हां उत्तर चुकलेलें दिसतांच "असें नाहीं, असें" म्हणून पेन्सिल हातांत घेण्याची आपणांस घाई होते. त्याऐवजीं आधीं एकदां विचारावें, "हें तूं कसें केलेंस, मला सांग बघूं." मग मूल जें सांगेल तें पुरें ऐकून घ्यावें. ह्यास कोणतीही पदवी लागत नाहीं, आणि घरांतील जी सून दिवसभर शाळेंत हेंच काम चाळीस-पन्नास मुलांशीं करून आली आहे, तिला तें किती कठिण असतें ह्याचीही कल्पना आपणांस येऊं लागेल.